रद्द झालेली खेप

फक्की संपली होती, म्हणून रेघ माझ्या चुलीतल्या राखेची.
गुरनुले सर घमेलं घेऊन आले,
मसालेभात नुकताच उतरवला होता,
राख अजून कोमट.

झेंड्याच्या खांबापासून हापशीपर्यंत,
सरांच्या पायाने बासष्ट ढांगा.
हे मैदान मी नऊ वर्षं झाडते.
कडुलिंबाखाली बैलाच्या खुराएवढा खड्डा,
हापशीच्या अलीकडे मुरूम उघडा पडलेला,
तिथेच पोरं गुडघे फोडतात
आणि हळद मागायला माझ्या दाराशी येतात.
सगळं वाकून पाहिलेलं.
ताठ मानेने हे मैदान कधी ओलांडलं नव्हतं.

अकरा जणी उभ्या राहिलो.
पंचफुलाने जोडवी काढून कनवटीला खोचली,
समोरच्या बाकावरून तिच्या सासूने ते पाहिलं
आणि मान फिरवली झेंड्याकडे.
देवका कोवेने चपला हातात घेतल्या.
"चपला धरून पयतं काय व?"
"मंग? मांगून कोणी नेल्या तं?"
सरपंचबाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.
कंपाउंडच्या भिंतीवर गावातले पुरुष
पाय खाली सोडून बसलेले, कुणी खर्रा चोळत,
पण हळूहळू तोही हात थांबला.

शिट्टी.

निऱ्यांचा बोळा डाव्या मुठीत,
उजवा हात काय करावं ते न कळून हवेत.
सगळ्यांच्या बांगड्यांचा मिळून एकच आवाज,
कुणी सुपात तूर पाखडतंय असा.
तीन बाळंतपणांचं ओटीपोट म्हणालं, बाई, जपून.
मी म्हटलं, गप.
खड्डा आला, मी डावी घातली.
मुरूम आला, मी टाचा उचलल्या.
मग बांगड्यांचा आवाज मागे राहिला
आणि पुढे कुणाचीच पाठ नव्हती.
इतकं मोकळं मला कधीच काही दिसलं नव्हतं,
नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून घाटंजीला जातानाही नाही.

हापशीच्या थंड लोखंडावर तळवा आपटला.
वळले, तर फीत धरायला कुणीच नाही.
फीत पोरींच्या हातात गुंडाळलेलीच,
आणि सर दोन्ही हात हलवत येताहेत:
"रद्द! रद्द! शिट्टी मी वाजवलीच नाही!"
सरपंचबाईंचा नातू, जत्रेतली लाल शिट्टी दातात,
आजीकडे पाहत उभा.

बायका हसल्या. खोकल्या. धापा टाकत हसल्या.
कुणीच थकले म्हणाली नाही.
रेघ पायांनी विस्कटली होती,
मी पुन्हा राख आणून दिली.

दुसऱ्या खेपेला मी पाचवी.
देवका पहिली, चपला हातातच.
तिला स्टीलचा डबा, तिचं नाव रजिस्टरात,
फोटोत ती, सर, आणि त्या चपला.
मी टाळ्या वाजवल्या. खऱ्या वाजवल्या.
तळव्याला लोखंडाचा वास होता.

रात्री भाकरी थापताना पोरीने विचारलं,
"आई, कितवी आली व?"
मी म्हटलं, "कोन्या खेपेले?"
तिला वाटलं मी पाण्याचं बोलते.

सत्तावीस तारखेला खराटा घेऊन गेले.
पावलांवर पावलं पडलेली,
पहिल्या धावेची कोणती, दुसरीची कोणती,
काही निवडता येईना.
झाडून टाकलं. पोरं यायची होती.

मग तांदूळ धुवायला पाणी हवं,
म्हणून बादली घेऊन झेंड्याच्या खांबाशी गेले.
चूल तिथे नाही, तरी तिथे गेले.
तिथून हापशीकडे निघाले, मोजत.
माझ्या पायाने एक्याऐंशी भरल्या.