डावा स्पीकर

तळपदेचे डॅनिश, माझे इंग्लिश.
बावीस वर्षं हीच आमची जात.

दर शनिवारी गावदेवीला, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्री अकरानंतर,
कारण तळपदे म्हणतो अकराच्या आत वीज स्वच्छ नसते,
अख्ख्या इमारतीचे मिक्सर आणि लिफ्ट तिच्यात कालवलेले असतात.
मग आम्ही खिडक्या लावतो, पंखा बंद करतो
आणि घामाने निथळत
निवृत्त न्यायाधीशांसारखे
एका तानपुऱ्याची सुनावणी घेतो.

"ऊब ऐक," तो म्हणतो. "तुझ्या इंग्रजांना जमायची नाही."
"ऊब नाही रे, साय आहे. आवाजावर साय धरलीय."
"तुझे म्हणजे दाताच्या डॉक्टरचं मशीन."
"तुझे म्हणजे गोधडीतून बोलणारा माणूस."
एकदा सहा महिने बोललो नव्हतो, एका केबलवरून.
त्याच्या बायकोच्या तेराव्यालाही मी
नको, ते राहू दे.

परवा तो चहा ठेवायला आत गेला.
तबकडी फिरत होती.
जाळीवरची धूळ पुसावी म्हणून उठलो
आणि डाव्या स्पीकरच्या वरच्या, लहान घुमटाला
सहज कान लावला.

काही नाही.
रिकामी वाटी कानाला लावली तरी घुमते.
इथे तेवढंही नाही.

आडनावातच कान घेऊन फिरणारा मी, कर्णिक,
इतकी वर्षं इथे बसून भांडलो,
आणि हा मुद्दा मला ऐकूच आला नव्हता.

तळपदे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेला
त्या सकाळी लॅमिंग्टन रोडच्या मुकादमला आणला.
किल्ली शेजारच्या नाडकर्णीबाईंकडे असते.
मुकादमने स्पीकर भिंतीपासून ओढला,
मागची पितळी पट्टी नखाने खरवडली, तर ती तुटूनच हातात आली.
"खाऱ्या हवेनं खाल्ली, साहेब. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.
वरचा तेव्हापासून उपाशीच आहे."
बोटभर तांब्याची तार, दोन मळसूत्रं.
पैसे घ्यायलाच तयार नव्हता. शंभर दिले.

पट्टी मी खिशात टाकली. हिरवीगार.
बावीस वर्षांचा खटला,
आणि पुरावा माझ्या पाकिटात, बसपासच्या मागे.

शनिवारी तीच तबकडी.
तळपदे डोळे मिटून. दुसऱ्याच मिनिटाला कपाळावर आठी.
"कर्णिक, आज काहीतरी टोचतंय."
"वीज असेल."
"नाही रे. तारा सुट्या सुट्या झाल्यात.
आणि मध्येच ते काय वाजलं? बांगडी?
तानपुऱ्यावालीची बांगडी भोपळ्याला लागल्यासारखी.
असं कधी नव्हतं ह्या रेकॉर्डमध्ये."
मग माझ्याकडे न बघता,
"माझे कान गेले का रे?"

ती बांगडी माझ्या घरी पहिल्या दिवसापासून आहे.
मला वाटायचं, ती त्यालाही ठाऊक आहे.

पाकीट खिशात होतं. पाकिटात पट्टी.

तो चहा ठेवायला गेला.
मी मागे हात घातला
आणि मळसूत्र सैल करून तार ओढून घेतली.

कप टेकवता टेकवता तो थांबला. मान हलली.
"हं. आता बसला आवाज. म्हटलं नव्हतं? वीजच."
"वीजच," मी म्हणालो.
"ऊब ऐक."
ऐकली.

दीड वाजता माहीमला आलो.
माझे इंग्लिश अंधारात उभे, ताठ.
तीच तबकडी, अगदी हळू लावली.
बांगडी वाजली, वाजते तिथेच.
डावीकडूनच वाजली बहुतेक.
उजव्यापाशी जरा खाली वाकायला गेलो,
तर गुडघा कुरकुरला.

तेवढं निमित्त पुरलं.
उठलो, पंखा लावला.