वाटो

दांडीच्या किनाऱ्यावर, पहाटे साडेपाचला,
फोन चपलेत ठेवला, वरून दुसरी चप्पल पालथी घातली.
रात्री अकरा चाळीसला रोस्टर बदललं होतं.
आजची सुट्टी आता स्टँडबाय.
म्हणजे घरीच राहायचं, पण घरात असायचं नाही.
बोलावलं की दोन तासांत मोप्याला हजर.

रापणीचे दोन्ही दोर वाळूला लागलेत.
"इमानवाल्या, बघतंस काय, धर," वासूमामा म्हणतो.
धरतो.
साठ-सत्तर टन दोन बोटांनी वर उचलणारे हात
दहा मिनिटांत सोलवटतात.

हर्डीकर कॅप्टनांचं मी घरी सांगितलेलं नाही.
सलग चौथी रात्र. पस्तीस हजार फूट.
खाली हाच समुद्र, आणि जाग राहावी म्हणून
आम्ही मच्छीमारी बोटींचे दिवे मोजत होतो.
एक त्यांनी, एक मी.
बत्तीस, ते म्हणाले.
तेहतीस मी म्हटलंच नाही.
किती वेळ, ते यंत्राला ठाऊक.
डोळे उघडले तेव्हा दिवे मागे पडले होते
आणि एकशे ऐंशी माणसं माना वाकड्या करून
आमच्या भरवशावर झोपलेली.

उतरल्यावर हर्डीकरांनी स्वतः रिपोर्ट लिहिला.
त्यात फक्त त्यांचं नाव.
"तुझं कर्ज आहे अजून," एवढंच म्हणाले, आणि टोपी विसरून गेले.
आता चौकशी. उड्डाण नाही म्हणून तास नाहीत,
तास नाहीत म्हणून पगारात उरतो तो चहाचा खर्च.
थकव्याबद्दल आम्ही आधी लिहिलं होतं सहा वेळा.
सहाही वेळा उत्तर एकच: नोंद घेतली.

परवा प्रिस्काने कागद काढलाय.
सलग तिसऱ्या रात्री कुणीच उडायचं नाही;
हर्डीकरांचे बुडालेले तास सगळ्यांच्या पगारातून भरायचे.
सह्या गोलाकार, म्हणजे पहिली कुणाची ते कळू नये.
दहा झाल्या. एक जागा रिकामी आहे
आणि ती कुणाची हे सगळ्यांना कळतं.

जाळं आलं. फारसं काही नाही.
तारल्या, थोडा मोतका, पिशव्याच जास्त.
मामा वाळूवर ढीग मांडतो: जाळ्याचा, होडीचा,
मग माणसांचे. एक जास्त होतो.
"ह्यो कोणाचो?"
"जानूचो."
जानू दोन महिने अंथरुणात आहे, हर्नियाने.
"पण तो इलो खंय?"
मामा माझ्याकडे असं बघतो, जणू मी परगावचा.
"इलो नाय म्हणान काय झाला?
फुडल्या म्हयन्यात मी पडलंय तर?"
आणि एक तारली माझ्या ढिगातून उचलून
जानूच्या ढिगावर टाकतो. मोठी होती ती.

चपलेत फोन थरथरतोय. तीन मिस्ड कॉल, रोस्टरवाल्यांचे.
सोलवटलेला, खवल्यांचा अंगठा फोन ओळखत नाही.
पुन्हा पुसतो. नाहीच.
शेवटी आकडे दाबून उघडतो
आणि कॉल राहू देऊन प्रिस्काला लिहितो:
सही करतोय. आणि रिपोर्टात माझंही नाव घालायचंय,
त्या रात्री मीही झोपलो होतो.