दोन ओळी

हार्टफर्डला जानेवारीत साडेचारलाच अंधार पडतो.
अकराव्या मजल्यावरून नदी दिसते,
म्हणजे, नदीच असावी असा एक काळा पट्टा.
मरीन पेल्की त्या खिडकीला पाठ करून बसायची
एकोणीस वर्षं,
जळालेल्या घरांचे, बुडालेल्या तळघरांचे दावे तपासत.

डर्क कधी ओरडला नाही.
हे आधी सांगायला हवं, कारण भाऊ फोनवर विचारतो,
ओरडतो का? शिव्या देतो?
मग त्रास कसला?
डर्क खुर्ची ओढून शेजारी बसतो,
मुलीच्या पोहण्याच्या स्पर्धेचे फोटो दाखवतो
आणि उठता उठता म्हणतो, सहज,
मरीनबद्दल दोन ओळी लिहून दे ना.
नाव कुठेही येणार नाही.

'सहज' हा शब्द मी बसवला.
त्याच्या इंग्रजीत तो इतका मऊ नव्हता.

मी दोनच ओळी लिहिल्या.
मेलला उत्तर द्यायला तिला कधी कधी वेळ लागतो.
तिच्या कामात मी आजवर चूक पाहिलेली नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी तिचा नवरा डायलिसिसवर असायचा
हे मला माहीत होतं.
ती तिसरी ओळ झाली असती.
मागितल्या होत्या दोन.

आमच्या नावांपुढे हिरवा ठिपका असतो.
पाच मिनिटं हात हलला नाही की पिवळा होतो.
रात्री अकरालाही कितीतरी ठिपके हिरवे,
ताटाशेजारी, पाळण्याशेजारी लॅपटॉप,
डाव्या हातानं माउस हलवत राहायचं,
आमटी खाली लागू नये म्हणून ढवळतात तसं.
मरीनचा आठवड्यातून दोनदा पिवळा व्हायचा.
कुणीतरी त्याचा तक्ता ठेवला होता.

मीटिंगला मी नव्हतो. तिनंच सांगितलं,
पार्किंगमध्ये, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना,
की एका सहकाऱ्याची ओळ वाचून दाखवली.
तिला ती पाठ झाली होती.
मलाही होती.
"एकच?" मी विचारलं.
"एकच," ती म्हणाली, आणि तिचा हात थांबला.
माझ्याकडे पाहिलं.
मग उरलेली काच खरवडू लागली,
माझ्या बाजूची सोडून.

इकडे नोकरीवरून काढलं असं म्हणत नाहीत.
म्हणतात, जाऊ दिलं.
जशी ती कधीची दाराशी खोळंबली होती
आणि यांनीच मोठ्या मनानं कडी काढली.

जाऊ दे.
मी किती वेळा म्हटलंय हे, माझ्याच भाषेत.
माझं नाव दर सोमवारी नव्यानं मोडलं, जाऊ दे.
माझा अहवाल त्याच्या नावानं वर गेला, जाऊ दे.
आईच्या ऑपरेशनच्या दिवशी साताऱ्यात
दवाखान्याच्या जिन्यात बसून दीड तास कॉलवर,
नर्स दोनदा शोधून गेली,
जाऊ दे.
आमच्याकडे याला समजूतदारपणा म्हणतात.
आपला व्हिसा ज्या कपाटात आहे
त्याची किल्ली कुणाकडे, हे कळलं
की माणूस फार लवकर समजूतदार होतो.

शुक्रवारी ऑफिसचा फ्रीज रिकामा केला जातो.
तशी चिठ्ठी असते. कोण करतं, ते चिठ्ठीत नसतं.
मागच्या कोपऱ्यात तिची बरणी होती,
मीच दिलेल्या विरजणाचं दही,
टेपवर तिचं तिरकं अक्षर.
वर पाणी सुटलेलं. हुंगून पाहिलं.
आंबट ढाण, पण मेलेलं नव्हतं.
कोटाच्या खिशात घालून घरी आणली,
चोरी केल्यासारखी,
आणि कोमट दुधाला चमचाभर लावून
पातेलं रेडिएटरजवळ ठेवलं.

सकाळी, झाकण काढायच्या आतच, डर्कचा मेल.
सहज. ओलुमिडेबद्दल दोन ओळी.

मी दुसरी आधी लिहिली.
पहिलीच्या जागी कर्सर लुकलुकत राहिला,
चार मिनिटं.
साडेचार.
ठिपका अजून हिरवा होता.