पान एकेचाळीस

निजसुरे सरांचं पत्र आलं सहकारनगरहून,
फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, समास सोडून.
सतरा चुका. प्रत्येकीला क्रमांक.
आणि शेवटी, नमस्काराच्या जरा वर :
'बाई, आपण झाडं पाहता
की नुसत्या त्यांच्याखालून जाता?'

माझं पुस्तक ते केवढं, बहात्तर पानांचं.
वेताळ टेकडीवरची झाडं, किंमत साठ रुपये.
चित्रं माझी. चुकाही दुसऱ्या कुणाच्या असणार?

पहिलं उत्तर त्याच रात्री लिहिलं.
या गावात असं उत्तर लिहायला शिकावं लागत नाही,
ते पेठेतल्या पाण्यातूनच येतं :
'आपल्या व्यासंगाला साष्टांग दंडवत.
दंडवत घालताना मान खाली असल्यामुळे
झाडं नीट दिसली नसावीत, क्षमस्व.'
हेरंबला वाचून दाखवलं.
तो कुकरची शिट्टी पुसता पुसता हसला,
म्हणाला, 'पाठवू नकोस.
पण मला एक प्रत ठेव.'

दुसरं उत्तर सकाळी. सभ्य.
'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे.'
हे तर त्याहून वाईट.
खिडकी ओढून घेताना कारकून बोलतो तसं.
पहिल्यात निदान मी तरी होते.

मग पत्र पिशवीत टाकलं आणि टेकडी चढले.
फाल्गुन. गवत वाळून दोरीसारखं झालेलं.
मुद्दा तिसरा : 'पान ४१ वरची सालई ही सालई नव्हे.'
मी त्या झाडासमोर उभी राहिले,
ज्याचं चित्र काढायला मला चार रविवार लागले होते.
सालईची साल कागदासारखी सुटते,
बोटांना धुपाचा वास देते.
ही सुटेना. वास नाही.
नखाने जरासं खरवडलं, आत लाल.
मोई.
अंगावर एक पान नाही तिच्या, आणि मी पानावर चुकलेली.

खाणीच्या काठावर बसून पत्र पुन्हा वाचलं,
या वेळी माझं नाव नसल्यासारखं.
तेव्हा दिसलं की सहाचा आकडा प्रत्येक ठिकाणी थरथरलाय.
की मुद्दा बारा मुद्दा नाहीच :
'हा वावळ १९७८ साली इथे नव्हता. आम्ही टेप लावून मोजलं होतं.'
आम्ही म्हणजे कोण, ते नाही.
आणि चौदाव्याच्या शेवटी, कंसात, मुंगीएवढ्या अक्षरात :
(हल्ली चढवत नाही, स्मरणावरून लिहितो.)

हे काल रात्रीही तिथेच होतं.
मी शेवटच्या ओळीवर इतकी चिडले होते
की चौदाव्याखालून नुसतीच गेले.

सतरापैकी अकरा त्यांचं बरोबर.
चार ठिकाणी दोघांनाही वाव आहे.
दोन ठिकाणी सरच चुकलेत,
आणि खरं सांगते, ते दोन सापडल्यावर
मला जिलबी मिळाल्यासारखं झालं.
ते गिळून टाकावेत का?
पण मग तीही एक प्रकारची खिडकीच,
म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर हळूच लावलेली.

तिसरं उत्तर पोस्टकार्डावर मावलं :

'सर, पान एकेचाळीसवर मी चुकले. आज जाऊन पाहिलं.
उरलेल्या प्रतींत हाताने दुरुस्त करते आहे.
सहा आणि पंधराबाबत मला वेगळं दिसतं.
खाली पडलेल्या काटक्या आणते, टेबलावर ठेवून भांडू.
वावळाखाली बसून हे लिहिते आहे.
त्याचा घेर आता माझ्या कवेत मावत नाही.
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : कधी पाहते, कधी खालून जाते.'

एकशे अठरा प्रती उरल्या आहेत.
रात्री जेवणं झाली की हेरंब खोडतो,
मी लिहिते : मोई, मोई, मोई.

पहिलं उत्तर खणात आहे.
अधूनमधून काढून वाचते.
जमलंय मात्र झकास.