गाठ

वादळात आडवा झालेला रायवळ आंबा
दोन वर्षं गडग्याशी पडून होता.
बारा गुंठ्यांतला दीड गुंठा त्याचाच.
मशीनवाला आला, तासाभरात ओंडके करून गेला,
नऊशे घेतले, चहाही प्यायला नाही.
फोडायचं राहिलं माझ्यावर.

गॅस आहे घरात, नाही कशाला म्हणू.
पण भात उकडायचा टोप त्यावर बसत नाही,
आणि आंघोळीचं पाणी सिलिंडरवर तापवायचं
माझ्या जिवावर येतं.

पहिल्या दिवशी ओंडक्याच्या बरोबर मधोमध घाव घातला.
कुऱ्हाड रुतली. ओंडक्यासकट उचलून आपटली,
आणखी रुतली.
तिन्हीसांजेपर्यंत चार ढलप्या,
खांद्याला निर्गुडीचा शेक,
आणि ओसरीवरून ह्यांचं एकच, "गडी बघूया का?"
ह्यांच्या कमरेला पट्टा, म्हणून मी गप्प.
गडी उद्या येतो म्हणतो.
त्याचा उद्या शिमगा गेला तरी उद्याच.

शरीफ होडेकर गडग्यापलीकडून बघत होते.
पूर्णगडच्या खाडीत चाळीस वर्षं होड्या बांधल्या त्यांनी.
फायबरच्या आल्या, तसा वाकस दारामागे गेला.
आत आले. कुऱ्हाडीला हात लावला नाही.
ओंडक्याच्या तोंडावर नुसतं बोट फिरवलं,
आतून बाहेर, सालीपर्यंत.

"वहिनी, भाकरी मधून मोडता का तुम्ही?
कडेनं घ्या.
चार बोटं आत, सालीच्या बाजूनं, गोल फिरत.
मधला गाभा शेवटी आपणच सुटतो.
ही केसाएवढी चीर दिसली? उन्हानं पाडलीय.
तिच्यावरच मारा, दुसरी शोधू नका.
आणि ही कुऱ्हाड तोडायची.
फोडायला धार नको, जाडी हवी."

दुसऱ्या दिवशी मुलाच्या गॅरेजातून
जीपचा जुना टायर घरंगळत आणला,
रुंद बुंध्यावर ठेवला, गुडघ्याएवढ्या उंचीवर,
आणि त्यात ओंडका उभा केला.
मारत गेले. फोडी उडाल्या नाहीत,
टायरातच उभ्या राहिल्या,
जत्रेतल्या एसटीत माणसं राहतात तशा.
वाकणं नाही, वेचणं नाही.
दुपारच्या जेवणाआधी अकरा ओंडके.
ह्यांनी ओसरीवरून मोजले, मोठ्यानं.

गाठी असलेले मात्र बाजूला ठेवायचे.
त्यांना पाचर, घण आणि सवड लागते.
रचताना खाली चिरे, मध्ये वारा, साल आभाळाकडे.
हेही त्यांनीच सांगितलं,
बिडी न पेटवता नुसती बोटांत फिरवत.

मी विचारलं, "होड्या बांधणारे तुम्ही,
तुम्हाला फोडायचं कसं ठाऊक?"
ते हसले नाहीत.
"जन्मभर तेच तर बघितलं,
कुठून फुटेल.
तिथं खिळा मारायचा नाही, तिथं वाकवायचं नाही.
समुद्रात माणसं बसायची त्यात."
मग टायरातल्या फोडी
एकेक काढून माझ्या हातात देऊ लागले.

एक तुकडा तेवढा दिला नाही.
फांदी जिथं खोडाला मिळते तिथला,
कोपरात वाकलेल्या हातासारखा.
उलटा केला, सुलटा केला,
एक डोळा मिटून त्याच्या बाकावरून नजर नेली.
होडीच्या पोटात असले वाक लागतात,
करवतीनं कापून ते येत नाहीत.
म्हणाले काहीच नाहीत.
पडवीत भिंतीला टेकवून ठेवला आणि गेले.

आगोटीची बेगमी झाली आता.
पडवीत छातीभर रास, वर झापं.
आमसुलं वाळली, सुकी मासळी डब्यात गेली.
शरीफभाई येतात, ओसरीवर बसतात,
ह्यांच्याशी मच्छीच्या भावावरून वाद घालतात.
पडवीकडे बघत नाहीत.

परवा ह्यांनी विचारलं,
"तो वाकडा तेवढा का ठेवलास?
दोन दिवसांचं पाणी तापेल त्यात."
मी तांदूळ निवडत होते.
म्हटलं, गाठ आहे त्यात,
फुटत नाही.