खडूचं दार

दोनच माणसांची एकांकिका, कारण आम्ही उरलोच तिघं
आणि तिसऱ्यानं, म्हणजे मी, दिवे सांभाळायचे.
संहितेत आधी वकील होता, मामा होता,
शेजारीण होती दोन वाक्यांची.
वकील नोकरीला चाकणला गेला,
मामाचं लग्न ठरलं,
शेजारणीला घरच्यांनी रात्रीचं सोडलं नाही.
जो जो गेला त्याची वाक्यं मी
उरलेल्यांच्या गप्प बसण्यात कोंबली.

तालीम उद्यमनगरात, पॅटर्नच्या शॉपमध्ये,
सातनंतर, शटर अर्धं ओढून.
कोल्हापुरात तालमीला जातो म्हटलं
की लोक आधी मांड्या बघतात.
आमच्या बघून काही बोलायचे नाहीत.

पायाखाली भुस्सा, भिंतीला टेकलेले पंपाचे लाकडी साचे.
"आत ये," मी म्हणायचो.
सुकुमार आत यायचा.
"परत."
सुकुमार चौगुले, दिवसभर लेथवर,
सुताचा फरक बोटाला कळणारा गडी,
हवेतल्या दारापुढं मात्र पाहुण्यासारखा.
नफिसा म्हणाली, "काल तुझं दार आत उघडत हुतं, आज बाहेर.
बिजागरी कुठल्या अंगाला हाय, एकदा ठरव की."
मी खडूनं फरशीवर उंबरा ओढला. तीन फुटांचा.
"परत."

सतराव्या की अठराव्या वेळी
तो रेघेपाशी आला, कडी काढली
आणि दार उघडलंच नाही.
खांदा लावला. पुन्हा लावला.
खालच्या कोपऱ्याला पायानं एक ठोकर,
नेमकी, सवयीची,
तेव्हा कुठं दार फरशी खरवडत आलं.
ते खरवडणं आम्ही दोघांनी ऐकलं.
"पुराच्या पाण्यानं फुगलेलं," तो म्हणाला,
"आमचं चिखलीचं दार.
आई गेली त्यादिवशीबी आसंच अडलं.
खांदा द्यायला आलेली चौघं बाहेर,
मी आत."
मग जरा वेळानं, "चहा सांगू?"

त्या रात्री मी दोन पानं फाडली.
भावाचं आईविषयीचं लांबलचक बोलणं,
गणपतीपासून दिवाळीपर्यंत घासलेलं,
त्यात एक उपमा तर मला फार आवडायची.
आता बहीण विचारते, "दार अजून तसंच?"
भाऊ म्हणतो, "हं."
हे "हं" कसं म्हणायचं
यावर पुढं चार दिवस गेले.

स्पर्धेत आमचा नंबर अकरावा, ऐन जेवणाच्या वेळेला.
एक परीक्षक घड्याळाला किल्ली दिल्यासारखं मनगट फिरवत होते.
तिसऱ्या रांगेत एक बाई, पदर तोंडाशी.
सुकुमारनं खांदा लावला तेव्हा
खुर्चीतल्या खुर्चीत तिचाही खांदा हलला.
तिच्याकडं बघत राहिलो
म्हणून पुढचा स्पॉट मी दोन सेकंद उशिरा दिला.
निकालाच्या कागदावर प्रकाशयोजनेपुढं शेरा होता:
संयत.

बक्षीस एकच, नफिसाला, उत्तेजनार्थ.
प्रमाणपत्रावर बागवानचं भगवान झालेलं.
"असू दे," ती म्हणाली, "बढती मिळाली."
मग तिघांत एक मिसळ, तीन जादा कट,
आणि पाव किती झाले यावरून भांडण.

रेघ अजून आहे शॉपमध्ये.
झाडणारा झाडतो, तेवढी सोडून.
का, ते मी विचारलं नाही.
काल ज्ञानू सुतार,
ज्यांनी जन्मात नाटक बघितलं नाही,
"कुस्ती आसंल तर सांगा" म्हणणारे,
दोन हातांत दोन किटल्या घेऊन आले,
रेघेपाशी थबकले,
इकडं तिकडं बघितलं
आणि खेकसले,
"आरं, उघडा की कुनीतरी."