वगळलेल्या ओळी

राजारामपुरीत, आठव्या गल्लीच्या तोंडाला, जिन्यावर आमची पाटी:
टायपिंग, बायंडिंग, एसपीएसएस करून मिळेल.
एसपीएसएस म्हणजे काय, खालचा चहावाला अजून विचारतो.
मी सांगते, चाळण.
तो म्हणतो, मग गाळणं माझ्याकडंबी हाय की.

शिरोलीच्या फाउंड्रीतले एकशे चाळीस मोल्डर,
प्रणोती इंगवलेच्या पीएचडीतले.
वय, कामाची वर्षं, पगार, विडी,
आणि नळीत फुंकलेला श्वास,
लिटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत.
फॉर्मांच्या घड्यांत काळी वाळू होती.
एंटरचं बटण अजून करकरतं.

आलेखात एक ठिपका सगळ्यांच्या वर, एकटाच,
काटलेल्या पतंगासारखा.
ओळ एकशे बारा.
सव्वीस वर्षं धुळीत, आणि छाती पाच लिटरची!
सर फोनवर म्हणाले, काढून टाका, रीडिंग चुकलंय.
काढला तर पी-व्हॅल्यू शून्य पॉइंट शून्य चार.
ठेवला तर शून्य पॉइंट शून्य सहा.
मधल्या एवढ्याशा फटीत
प्रणोतीची पदवी अडकलेली,
आणि शेडमधला तो धूळ ओढणारा पंखा,
जो मालक बसवणार आहेत,
'सिद्ध झालं तर.'

मूळ फॉर्म शोधला. बाबालाल मुजावर.
समासात पेन्सिलीनं: लग्नसराईत बँड, क्लॅरिनेट.
त्याला रकानाच नव्हता.
आता याला चूक कशी म्हणू?
वहिनीच्या वरातीत, बिंदू चौकातून मिरजकर तिकटीपर्यंत
असाच कुणीतरी एक सूर न तोडता चालला होता,
घोडासुद्धा थबकला होता.

ठेवायचा, काढायचा, ठेवायचा.
प्रणोतीनं भडंगची पुडी फोडली.
मी आपली पानं वर-खाली करत बसले
आणि तळाशी बारीक अक्षरांतली ती ओळ दिसली,
जी प्रत्येक तक्त्याखाली येते,
बिलावरच्या 'चूकभूल देणे घेणे'सारखी,
जी मी नऊ वर्षांत कधी वाचली नव्हती:
अपूर्ण नोंदी वगळल्या, सात.

सात फॉर्म काढले.
एक सुटीवर होता. दोघांचं काहीच लिहिलेलं नाही.
उरलेल्या चौघांच्या समासात तीच पेन्सिल:
तीनदा प्रयत्न. खोकला. फुंकता आलं नाही.
फुंकता आलं नाही.
आलं नाही.
चौथ्याच्या पुढं नुसतं वरीलप्रमाणे.

प्रणोती, म्हटलं, ह्यांना कुठं बसवू?
शून्य लिहिलं तर मेलेले ठरतात.
रिकामं सोडलं तर
ते कधी रांगेत उभेच नव्हते.

तिचा हात पुडीत तसाच राहिला.
एकशे बाराची कुणाला आठवण झाली नाही.
खाली चहावाला
गाळणं बादलीच्या काठावर आपटून
चोथा झाडत होता.